खजिना कुणाचा?

गेल्या महिन्यात नववीच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. एका मुलाने ‘खजिना’ शब्द खोडून त्यावर ‘धनसंचय’ लिहिलं होतं. बोलावून विचारलं, तर म्हणाला, “सर, खजिना आपला शब्द नाही, बाहेरचा आहे असं कुणीतरी सांगितलं.”

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. त्यामुळे ‘आपला’ आणि ‘बाहेरचा’ हे शब्द मला जरा जास्तच टोचतात. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला.

खजिना अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला, हे खरं. अरबीत ‘खझन’ म्हणजे साठवणं. त्यापासूनच ‘मखझन’ झाला, म्हणजे कोठार. हा शब्द व्यापारासोबत इटलीत गेला आणि ‘मागाझ्झीनो’ झाला. इटालियनमध्ये गोदामाला आजही हेच म्हणतात. पुढे इंग्रजीत तो ‘मॅगझीन’ झाला. आधी अर्थ होता कोठार, विशेषतः दारूगोळ्याचं. १७३१ मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्हने ‘द जंटलमन्स मॅगझीन’ काढलं. माहितीचं कोठार, या अर्थाने. तेव्हापासून मासिकालाही मॅगझीन म्हणू लागले. १९०१ मध्ये लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढलं, त्याचं नावच ‘मखझन’. इक्बालांच्या सुरुवातीच्या कविता त्यातच छापल्या गेल्या.

‘टॅरिफ’चंही तसंच. अरबी ‘तारीफ’ म्हणजे ओळख करून देणं, कळवणं. इटालियन व्यापाऱ्यांकडे त्याचं ‘तारिफ्फा’ झालं, म्हणजे दरपत्रक. तिथून इंग्रजीत टॅरिफ. उर्दूत तारीफ म्हणजे स्तुती, पण “आपकी तारीफ?” असं विचारतो तेव्हा जुना अर्थ अजून जिवंत असतो.

आणि ‘झीरो’? आपल्या ‘शून्या’चं अरबांनी ‘सिफ्र’ केलं, म्हणजे रिकामं. फिबोनाचीने १२०२ मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथात त्याचं ‘झेफिरुम’ केलं. त्याचं पुढे इटालियनमध्ये ‘झेरो’ झालं आणि तेच इंग्रजीत गेलं.

इटालियन माणसाचं ‘चाव’ तर व्हेनिसच्या बोलीतून आलेलं. मूळ अर्थ, ‘मी आपला दास’. आपणही अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहितोच की!

सगळं ऐकून तो मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, इंग्रजांनी मॅगझीन परत नाही केलं?”

वर्ग हसला. मीही हसलो. परत कुणाला करणार? शब्द वापरला की आपला होतो. तो कुठून आला हे जरूर विचारावं, पण त्याला घालवून देण्यासाठी नव्हे. खजिना काढून टाकला तर मराठी शुद्ध होणार नाही, गरीब होईल. जी गोष्ट शब्दांची, तीच माणसांची.

त्याच्या वहीतलं ‘धनसंचय’ मी चूक धरलं नाही, तोही चांगला शब्द आहे. फक्त खोडलेल्या ‘खजिना’खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, “हाही बरोबर.”