वऱ्हाडच्या करारात वऱ्हाडी माणूस कुठे होता?

आंतरराष्ट्रीय न्यायालय निकाल देते, संयुक्त राष्ट्रसंघ ठराव करतो आणि बलाढ्य देश दोन्ही धाब्यावर बसवतो. मग अशा कायद्याला अर्थ काय, असे आमचे तरुण कार्यकर्ते विचारतात. उत्तर शोधायला दूर जायला नको. आम्ही तेल्हाऱ्याची माणसे ज्या वऱ्हाडात राहतो, त्याचाच इतिहास बघा.

१८५३ साली डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतले. कारण दिले हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. खर्च भागून उरलेला महसूल निजामाला द्यायचा आणि हिशेबही दाखवायचा, असे ठरले होते. १८६० च्या तहात हिशेब मागण्याचा हक्क गेला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी ती फौज इंग्रजांच्या सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेसाठी मुलूख घेतला ती फौज संपली, मुलूख मात्र परत दिला नाही!

निजाम मीर उस्मान अलीने वऱ्हाड परत मागितले, चौकशीसाठी आयोग नेमा म्हटले. १९२६ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय रीडिंगने कळवले की, ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, ती केवळ करारांवर उभी नाही आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करू शकत नाही. आजच्या महासत्ता हेच बोलतात, फक्त भाषा गुळगुळीत असते.

पण निजामासाठी आम्ही डोळ्यांत पाणी आणणार नाही. या तहांच्या वेळी वऱ्हाडातल्या कुणब्याला कोणी विचारले नाही, महार-मांगांना विचारणे तर दूरच. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. आमच्या वाट्याला तोच सारा आणि तोच गावगाडा.

जून १९४७ मध्ये त्रावणकोर व हैदराबादने स्वतंत्र होण्याची घोषणा केली, तेव्हा बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. ब्रिटिशांची सर्वोच्च सत्ता संपत नाही, ती स्वतंत्र भारताकडे येते, असा कायद्याचा मुद्दा त्यांनी मांडला. शिवाय संस्थानिकांना बजावले की, आपल्या राज्यात प्रजेला जबाबदार असलेले सरकार आणल्याशिवाय राष्ट्रसंघ तुमच्या मदतीला येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हैदराबादेतील अस्पृश्यांना निजामाच्या बाजूने जाऊ नका, असे जाहीर आवाहन केले. सार्वभौमत्वाचा दावा करणाऱ्याला बाबासाहेब आधी त्याच्या प्रजेबद्दल विचारत होते.