कड्याचा हिशेब

वैद्यकाच्या क्षेत्रात एखादे नवे उपकरण अवतरले की त्याच्या गुणांची वार्ता वाऱ्याच्या वेगाने पसरते. त्याच्या खर्चाचा हिशेब मात्र पुष्कळ उशिरा पुरा होतो. आफ्रिकेतील एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कार्यात सुंतेच्या कड्याची जी कथा घडली, ती या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

ज्या समाजात सुंतेची चाल आहे तेथे या रोगाचा प्रसार तुलनेने कमी आढळतो, हे १९८० नंतरच्या दशकातच संशोधकांच्या ध्यानी आले होते. परंतु हा गुण आचाराचा की शरीररचनेचा, ही शंका उरलीच होती. या शंकेच्या निरसनास पुण्याचाही हातभार लागला. तेथील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या दोन हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीचे प्रमाण पुष्कळच कमी होते; उपदंश किंवा परमा यांपासून मात्र त्यांना तसे संरक्षण मिळालेले नव्हते. आचारशुद्धी हेच कारण असते, तर सर्वच गुप्तरोग सारखे कमी व्हावयास हवे होते. म्हणजे कारण वर्तनात नसून त्वचेत होते. पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथे झालेल्या तीन मोठ्या प्रयोगांनी स्त्रीपासून पुरुषास होणारा संसर्ग सुमारे साठ टक्क्यांनी घटतो असे सिद्ध केले, आणि मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली.

आता प्रश्न उभा राहिला तो माणसांचा आणि पैशाचा. २०११ साली मांडलेल्या एका अंदाजाप्रमाणे पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत आणखी सुमारे ८४ लाख शस्त्रक्रिया व्हावयास हव्या होत्या. त्यास दोन अब्ज डॉलर लागणार होते. मात्र त्यायोगे २०२५ पर्यंत ३३ लाख ६० हजार नवे संसर्ग टळून औषधोपचारावरील साडेसोळा अब्ज डॉलर वाचतील, असे गणित होते. गणित आकर्षक होते. पण शस्त्र हाती धरणारे हात कोठून आणावयाचे? ज्या देशांत डॉक्टर मुळातच थोडे, तेथे दोन कोटी शस्त्रक्रिया म्हणजे डोंगर उचलण्यासारखेच काम.

अशा वेळी ‘प्रीपेक्स’ नावाचे लवचीक कडे पुढे आले. ते बसविण्यास भुलीची सुई नको, टाके नकोत, शस्त्रक्रियागृहही नको. प्रशिक्षित परिचारिका ते बसवू शके. रक्तपुरवठा तुटून त्वचा आठवड्याभरात मृत होई व मग काढून टाकता येई. रवांडातील प्रयोगांनंतर मे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. खर्च आता बराच कमी होईल, अशी अपेक्षा होती.

परंतु झिंबाब्वेसारख्या देशांत हिशेब मांडला गेला तेव्हा बचत अपेक्षेहून पुष्कळच तोकडी निघाली. शस्त्रक्रियेचा वेळ वाचला खरा. पण कड्याची किंमत भरावी लागली आणि ते काढण्यासाठी माणसास पुन्हा बोलवावे लागले. काहींच्या शरीरास कडे योग्य ठरत नसे, काहींचे ते निसटे. म्हणून जवळच शस्त्रक्रियेची सोयही राखणे भाग होते. एका व्यवस्थेच्या जागी दुसरी आली नाही, एकीच्या शेजारी दुसरी उभी राहिली. आणि दोन चुली पेटवून सरपण वाचत नसते.

त्यात धनुर्वाताचे संकट आले. आठवडाभर जागच्या जागी राहणारी मृत त्वचा त्या जंतूंना आयते घरच ठरे. काही रुग्ण दगावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली असे ठरविले की, कडे बसविण्यापूर्वी काही आठवड्यांच्या अंतराने लसीच्या दोन मात्रा पुऱ्या झालेल्या असाव्यात. ज्या उपायाचे सारे सामर्थ्य सुटसुटीतपणात होते, त्याचाच सुटसुटीतपणा असा हरपला. ‘शांग रिंग’ हे २०१५ साली मान्यता पावलेले चिनी कडे त्वचा लगेच कापून काढीत असल्याने या दोषापासून बरेचसे दूर राहिले. मात्र त्यास भूल देणे आलेच.

एवढ्यावरून कड्याचा प्रयत्न वाया गेला असे मानणे योग्य होणार नाही. सुईला व सुरीला भिणाऱ्या पुष्कळांना त्याने दवाखान्याची वाट दाखविली. २०१५ अखेर या प्रदेशात सुमारे एक कोटी सोळा लाख सुंता झाल्या होत्या. पण त्यांतील बहुतेक जुन्याच शस्त्राने केलेल्या होत्या. उपकरणाची किंमत त्याच्या वेष्टनावर छापलेली असते. त्याचा खर्च मात्र परिचारिकेच्या वेळात, रुग्णाच्या खेपांत आणि अनपेक्षित व्याधीत दडलेला असतो. तो आधी मोजणे हा कंजूषपणा नव्हे. अपुऱ्या निधीतून जास्तीत जास्त प्राण वाचवावयाचे असतील, तर हिशेबाची वही हेही औषधाइतकेच आवश्यक साधन आहे.