मृत्युपत्रविषयक वादांतील अपिलाची मुदत : ताईमहाराज प्रकरणाच्या अनुषंगाने

लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत ताईमहाराज प्रकरणाला ठळक स्थान मिळत आले आहे. चरित्रकारांनी त्याकडे प्रामुख्याने सरकारी रोषाची आणि टिळकांच्या चिकाटीची कथा म्हणून पाहिले. कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र या प्रकरणाच्या मुळाशी एक मृत्युपत्र, त्यावर मिळालेले प्रोबेट आणि ते रद्द व्हावे म्हणून झालेला अर्ज आहे. त्यामुळे येथे एक वेगळा प्रश्न उपस्थित होतो. मृताच्या मालमत्तेचा वाद कायद्याच्या दृष्टीने नेमका केव्हा संपतो? अपिलाची मुदत उलटली म्हणजे तो संपतो काय?

प्रोबेट हा साधा दिवाणी निर्णय नव्हे. दोन पक्षकारांतील निवाडा त्या दोघांपुरता असतो. प्रोबेटचा निर्णय १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४१ ने सर्वांवर बंधनकारक ठरविला होता. ज्याने खटल्याचे नावही ऐकले नाही, त्याचाही हक्क त्याने बांधला जातो. असे असूनही अशा निर्णयाविरुद्धच्या अपिलास कायद्याने स्वतंत्र मुदत कधीच दिली नाही. १८८१ च्या प्रोबेट व अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कायद्याने आणि पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९९ ने एवढेच सांगितले की, जिल्हा न्यायाधीशाच्या हुकुमावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नियमांप्रमाणे उच्च न्यायालयात अपील चालेल. ते किती दिवसांत करावे, हे पाहण्यासाठी मुदतीचा कायदा उघडावा लागतो. मृत्युपत्राचा वाद हा अशा रीतीने तीन कायद्यांत विभागलेला आहे. सामान्य वारसदाराची फसगत बहुधा येथेच होते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा रोख दाव्यांवर होता. अपिलाचा काळ त्याच वर्षीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत होता. १८७१ च्या कायद्याने दावे, अपिले व अर्ज यांच्या मुदती एकत्र आणल्या. १८७७ आणि १९०८ च्या कायद्यांत जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस अशी विभागणी कायम राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील एका न्यायाधीशाच्या निर्णयावर मात्र केवळ २० दिवस मिळत. पुण्यातील प्रोबेटला ९० दिवस आणि मुंबईतील प्रोबेटला २०, हा फरक वादाच्या स्वरूपावरून पडलेला नव्हता. मुफसलातील पक्षकाराला मुंबई गाठायची असे, कागद जमवायचे असत, वकील नेमायचा असे, या व्यावहारिक अडचणीवरून तो पडला असावा. १९६३ च्या कायद्याने २० चे ३० दिवस केले. ९० दिवस तसेच राहिले.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळता येईल. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी निधन पावले. राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटलेले टिळक, तसेच दादासाहेब खापर्डे आदी मंडळींना त्यांनी मृत्युपत्रान्वये एक्झिक्युटर नेमले होते. पत्नी त्या वेळी गरोदर होती. मुलगा न झाल्यास किंवा होऊन वारल्यास दत्तक घ्यावा, अशी व्यवस्था होती. जानेवारी १८९८ मध्ये झालेला मुलगा दोन महिन्यांच्या आत दगावला. जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. परंतु ताईमहाराजांचे मन फिरले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले.

दरम्यान जुलै १९०१ मध्ये प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे आला होता. हे अपील नव्हते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रोबेट देण्याच्या हुकुमावर अपील करण्याचा काळ केव्हाच उलटला होता. पण १८८१ च्या कायद्याने ‘योग्य कारण’ असल्यास प्रोबेट रद्द करण्याचा दुसरा मार्ग ठेवला होता, आणि प्रोबेट निरुपयोगी व निष्क्रिय होणे हेही त्या कारणांत मोडत होते. मृत्यूनंतर पुत्र जन्मल्याने मृत्युपत्राचा अंमल संपला, असे धरून अ‍ॅस्टन यांनी ३ एप्रिल १९०२ रोजी प्रोबेट रद्द केले. आता ९० दिवसांचे घड्याळ टिळकांसाठी सुरू झाले. त्यांचे अपील मुदतीत गेले आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने अ‍ॅस्टन यांचा हुकूम फिरविला. त्यातून उद्भवलेल्या फौजदारी खटल्याचा शेवट मार्च १९०४ मध्ये टिळकांच्या निर्दोष सुटकेने झाला; त्याचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

दत्तकाचा दिवाणी दावा वेगळाच चालला. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तविधान मान्य केले, १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यास तेव्हा सहा महिने मिळत (१९२० मध्ये ते ९० दिवस झाले). ही मुदत टिळकांच्या कारावासातच सुरू होऊन कारावासातच संपली. मुदतीच्या कायद्यात तुरुंगवास ही अक्षमता गणलेली नाही. एवढेच नव्हे, तर १९०८ च्या कायद्याचे कलम ६ अज्ञानास आणि वेड्यास दावा व दरखास्तीपुरतीच सवलत देते. अपिलाचा त्यात उल्लेख नाही. दत्तक मुलगा अज्ञान होता म्हणून अपिलाचे दिवस वाढणार नव्हते. आधार होता तो कलम ५ मधील ‘पुरेशा कारणा’चा, आणि कलम १२ प्रमाणे निकालाची नक्कल मिळविण्यात गेलेले दिवस वजा होण्याचा. अपील वेळेत झाले आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान वैध ठरविले. मृत्युपत्रानंतर साडेसतरा वर्षे लोटली होती.

या साडेसतरा वर्षांत मुदत चुकल्याने कोणताही दरवाजा बंद झाला नाही. वाद लांबला तो अपिलांच्या विलंबामुळे कमी आणि प्रोबेट रद्द करण्याचा मार्ग कालमर्यादेशिवाय खुला असल्याच्या समजुतीमुळे अधिक. ही संदिग्धता पुढे शतकभर टिकली. १९६३ च्या कायद्यातील अनुच्छेद १३७ ची तीन वर्षांची उर्वरित मुदत प्रोबेटच्या अर्जास लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. मात्र अर्जाचा हक्क सतत चालू राहणारा असल्याचेही त्याच निर्णयात मान्य केले. प्रोबेट रद्द करण्याच्या अर्जासही हाच अनुच्छेद लागू होतो, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. तो प्रश्न ज्या खटल्यात सुटला, त्यातील प्रोबेट १९६० च्या दशकाच्या आरंभी दिलेले होते.