मानसिक आजार असलेल्या माता : आधाराच्या गरजा

मानसिक आजारावर उपचार घेत मूल वाढवणाऱ्या स्त्रीला लागणारी घरची, दवाखान्याची आणि कायद्याची मदत. बाळंतपणानंतर प्रथमच आजारी पडलेल्या आणि आधीपासून स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा नैराश्य असलेल्या, अशा दोन्ही माता यात येतात.

स्वरूप : भारतातील ३८ अभ्यासांच्या २०१७मधील एकत्रित विश्लेषणात प्रसूतीनंतरचे नैराश्य सुमारे २२ टक्के मातांत आढळले. प्रसूतीनंतरचा सायकोसिस हजारात एक-दोघींनाच होतो. पण तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उफाळतो. झोप उडते, बोलणे भरकटते, बाळाविषयी भलत्याच शंका येतात. अशा वेळी ‘बाहेरचं झालं’ म्हणत दिवस घालवणे माय-लेकरू दोघांच्या जिवावर बेतू शकते.

घरात : सलग झोप ही पहिली गरज. सासू, जाऊ किंवा नवऱ्याने रात्री बाळ घ्यावे. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. अंगावर पाजते म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. दूध चालू ठेवून घेता येतील अशी औषधे डॉक्टर निवडून देतात.

म्हसावद परिसर : शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळच्या वाटेवरचे गाव. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. आसपास भिल्ल व पावरा वस्ती मोठी आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरीत. म्हसावद ज्यात मोडते त्या खानदेशात एकही नाही. म्हणून आशाताईंच्या (गावातील आरोग्य स्वयंसेविकांच्या) गृहभेटी मोलाच्या. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच बैठकीत ‘झोप लागते का, रडू येते का’ हे बाईच्या बोलीत विचारता येते. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना मुक्कामभर पुरतील एवढ्या गोळ्या आणि उपचारांची चिठ्ठी सोबत हवी. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलिमानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

कायदा व संस्था : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार उपचारासाठी दाखल मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही. बाळाला धोका असल्यास तात्पुरते वेगळे ठेवता येते. तरी देखरेखीखाली भेट चालू राहते, दर १५ दिवसांनी फेरविचार होतो आणि सलग ३० दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून माता-बाळ कक्ष आहे. अहमदनगरजवळ (आता अहिल्यानगर) डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माऊली’ ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. त्यांची मुलेही तेथेच, आईजवळ वाढतात.