सरव्यापासून सुपरमार्केटपर्यंत : उरलेले अन्न कोणाचे? #थ्रेड

१/७
विकले न गेलेले, पण खाण्याजोगे अन्न सुपरमार्केटने कचराकुंडीत टाकायचे आणि कोणी उचलू नये म्हणून त्यावर ब्लीच ओतायचे. मालकाला हा अधिकार आहे का? फ्रान्सने २०१६ मध्ये कायद्यानेच त्याला मनाई केली. या प्रश्नाची मुळे मात्र शेतात होती.

२/७
कापणीनंतर शेतात पडलेल्या ओंब्या वेचणे म्हणजे सरवा वेचणे. राजा दुसरा हेन्री याच्या १५५४ च्या आज्ञेने पेंढ्या उचलल्यावर सरवा वेचण्याची मुभा वृद्धांना, अपंगांना, लहान मुलांना आणि कापणीचे बळ नसलेल्यांना दिली. शेत मालकाचे, सरवा दुबळ्यांचा.

३/७
१८१० च्या दंडसंहितेने त्याला मर्यादा घातल्या. पीक पुरते उचलण्याआधी, तसेच सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर सरवा वेचणारा दंडास पात्र ठरला.

४/७
विसाव्या शतकात अन्न दुकानांच्या मागच्या दाराशीही उरू लागले. १९८५ मध्ये विनोदी नट कोल्यूश यांनी गरिबांना जेवण देणारी 'रेस्तो द्यू केर' ही संस्था सुरू केली. १९८८ च्या 'कोल्यूश कायद्या'ने अशा कार्यासाठी देणगी देणाऱ्यांना करसवलत मिळाली. दानाला उत्तेजन मिळाले, पण नासाडीला बंदी नव्हती.

५/७
पुढे कुर्बव्वा शहराचे नगरसेवक आराश देरांबार्श यांनी सह्यांची मोहीम उभारली, तर खासदार गियोम गारो यांनी संसदेत पाठपुरावा केला. २०१५ मध्ये मंजूर झालेली तरतूद घटना परिषदेने संसदीय प्रक्रियेतील दोषामुळे रद्द केली. अखेर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी स्वतंत्र कायदा झाला.

६/७
४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना धर्मादाय संस्थांशी करार करणे बंधनकारक झाले. कायद्याने क्रमही ठरवला : आधी नासाडी टाळणे, मग माणसांचे अन्न, मग जनावरांचा चारा, शेवटी खत वा ऊर्जा. खाण्याजोगे अन्न मुद्दाम नासवल्यास ३,७५० युरो दंड होता. २०२० च्या कायद्याने ही मर्यादा संबंधित दुकानाच्या वार्षिक उलाढालीच्या ०.१ टक्क्यापर्यंत नेली.

७/७
तरीही एक फरक उरतो. सरवा वेचणारी म्हातारी स्वतःच्या हक्काने शेतात उतरत असे. २०१६ चा करार दुकान आणि संस्था यांच्यात होतो, भुकेला माणूस त्यात पक्षकार नसतो. किती अन्न द्यायचे हेही कायदा सांगत नाही. निवडणे, थंड ठेवणे, वाहून नेणे हा भार बव्हंशी संस्थांच्या स्वयंसेवकांवर पडतो. मालकाचा नासवण्याचा अधिकार गेला, पण भुकेल्याचा वेचण्याचा हक्क परत आला नाही.