खोक्यातल्या किल्ल्याची वंशावळ

हिमेजीच्या किल्ल्याचं किट जोडायला घेतलं, तेव्हा सगळ्यात जास्त दिवस गेले ते छपरांवर. भिंती दोन संध्याकाळींत उभ्या राहिल्या. छपरांनी महिना घेतला.

दोयूशा या टोकियोच्या कंपनीचं हे किट, प्रमाण १/३८०. मूळ किल्ल्यातला मुख्य मनोरा, ज्याला जपानीत तेनशु म्हणतात, ३१.५ मीटर उंच आहे आणि त्याखालचा दगडी चौथरा आणखी जवळजवळ १५ मीटर. ३८०ने भागलं की मनोरा सव्वाआठ सेंटिमीटरांचा होतो आणि चौथरा चार सेंटिमीटरांच्या आत बसतो. या हिशेबानं माणूस साडेचार मिलिमीटरांचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. हिमेजीच्या तटाभिंतींत आजही सुमारे हजार जंग्या शिल्लक आहेत, गोल, त्रिकोणी आणि चौकोनी. किटमध्ये त्यांचे नुसते ठिपके उरतात.

पण छपरांकडे पुन्हा येतो, कारण खरी कसोटी तिथेच आहे. हिमेजीची कौलं राखी आहेत. मात्र कौलांच्या प्रत्येक सांध्यावर चुन्याचा पांढरा गिलावा भरलेला आहे, त्यामुळे लांबून पाहिलं की आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं पांढरंच दिसतं. या पांढरेपणामुळेच त्याला बगळ्याचा किल्ला म्हणतात. किटमध्ये हा परिणाम साधायचा तर आधी सगळं छप्पर राखी रंगवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून कागदावर इतका पुसायचा की त्यात रंग उरलाय की नाही अशी शंका यावी. असा कोरडा ब्रश कौलांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की फक्त कडा पांढऱ्या होतात. एक हात जास्त फिरला तर छपरावर बर्फ पडल्यासारखं दिसतं, आणि मग पुन्हा राखी रंगापासून सुरुवात.

त्यातही आधी ठरवावं लागतं की हिमेजी कोणत्या सालचा करायचा. २००९ ते २०१५ या काळात किल्ल्याची मोठी दुरुस्ती झाली, गिलावा नव्यानं झाला आणि किल्ला इतका लख्ख झाला की पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. त्याआधीचा किल्ला पावसाबुरशीनं काळवंडलेला होता. दोन्ही खरेच. हा प्रश्न पडला की समजावं, हातात खेळणं राहिलेलं नाही. आपल्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला करतात त्यात मावळा दरवाज्याहून उंच असतो आणि ते कुणालाही खटकत नाही. त्या किल्ल्याचा जीव भावनेत आहे. या जपानी किल्ल्याचा जीव प्रमाणात आहे. ही प्रमाणाची ओढ कुठून आली, हे शोधत गेलं की प्लास्टिकच्या फार मागे जावं लागतं.

नारा शहरातल्या गांगोजी मंदिरात एक पाचमजली पॅगोडा आहे, फक्त साडेपाच मीटरांचा. तो आठव्या शतकातला आहे, घरात ठेवलेला आहे, आणि त्याचे खांब, तुळया, वळचणीखालचे आधार खऱ्या पॅगोडासारखे एकात एक बसवलेले आहेत. जपाननं त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं तेही इमारतींच्या यादीत. मला हा निर्णय फार आवडतो. सगळे सांधे खरे असतील तर उंची कितीही असो, ती इमारतच.

अशा लाकडी नमुन्याला सुतारांचा शब्द आहे हिनागाता. ‘हिना’ म्हणजे पिल्लू, ‘गाता’ म्हणजे आकार. मार्च महिन्यात मुलींच्या सणाला मांडतात त्या बाहुल्यांच्या नावातही हेच पिल्लू आहे. मोठं बांधकाम हाती घेण्याआधी किंवा दुरुस्तीची परवानगी मागताना मुख्य सुतार हिनागाता करायचा. तो पाहून मालकाला किल्ला कळायचा आणि हाताखालच्या सुतारांना सांधे कळायचे. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, शोगुनांकडे पिढ्यान्‌पिढ्या सुतारकीची प्रमुखी करणाऱ्या कोरा घराण्याच्या कागदांत एदो किल्ल्याच्या तेनशुचा एक उभा छेद आहे. त्याच्या शीर्षकातच ‘शंभरात एक’ असं प्रमाण लिहिलेलं आहे. किटच्या खोक्यावर आज छापतात तो आकडा जपानी सुताराच्या कागदावर तेव्हाच होता.

या नमुन्यांना आणि नकाशांना सत्तेचाही धाक होता. १६१५मध्ये तोकुगावा शोगुनांनी सरदारांवर निर्बंध घातले: नवा किल्ला बांधायचा नाही, जुन्याची डागडुजीही परवानगीशिवाय नाही. १६४४मध्ये तर प्रत्येक सरदाराला आपल्या किल्ल्याचा नकाशा सादर करण्याचा हुकूम झाला. खंदक किती खोल, तट किती उंच, सगळं त्यावर लिहायचं. बंडखोरीवर नजर ठेवायला मागवलेली ही कागदपत्रं आज अभ्यासकांच्या आणि छंदिष्टांच्या कामी येतात.

पण ज्या किल्ल्यावर छंदिष्ट सगळ्यात जास्त भांडतात, त्याचा नकाशा कुणी सादर केला नाही. ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारानं १५७६मध्ये बिवा सरोवराकाठी अझुचीचा किल्ला बांधायला घेतला. तेनशु १५७९मध्ये पुरा झाला. सगळ्यात वरचा मजला सोनेरी, त्याखालचा अष्टकोनी आणि शेंदरी. नोबुनागानं त्याचं चित्र एका घडीच्या पडद्यावर काढून घेतलं आणि तो पडदा जेझुइट पाद्री व्हालिन्यानो यांना भेट दिला. फेब्रुवारी १५८२मध्ये व्हालिन्यानोंबरोबर चार जपानी तरुणांचं शिष्टमंडळ रोमला जायला नागासाकीहून निघालं, त्यांच्याबरोबर पडदाही निघाला. ते मकाऊला थांबलेले असताना तिकडे जून महिन्यात नोबुनागा मारला गेला आणि थोड्याच दिवसांत अझुची जळून गेला. म्हणजे शिष्टमंडळ १५८३मध्ये गोव्याला उतरलं तेव्हा त्यांच्या सामानात जे चित्र होतं, त्यातला किल्ला जगात उरलाच नव्हता. व्हालिन्यानो गोव्यातच राहिले. तरुण पुढे लिस्बनमार्गे रोमला गेले आणि १५८५मध्ये पडदा पोप तेरावे ग्रेगरी यांना दिला. तो व्हॅटिकनमध्ये लावला होता एवढं कळतं. पुढे तो हरवला आणि आजवर सापडलेला नाही. अझुचीचं खरं रूप दाखवणारा तो कागद आपल्या गोव्याच्या बंदरातून गेला, ही गोष्ट मी किट जोडताना अनेकदा आठवली आहे.

१९७६मध्ये नाइतो आकिरा या वास्तु-इतिहासकारांनी एका जुन्या आराखड्याच्या आधारे अझुचीचा तेनशु कागदावर पुन्हा उभा केला. त्यांच्या मते आत मधोमध अनेक मजल्यांची पोकळी होती आणि तिच्या तळाशी एक स्तूप. इतर अभ्यासकांनी ही पोकळी मान्य केली नाही. वाद मिटलेला नाही. अझुचीच्या स्टेशनजवळच्या संग्रहालयात १/२० प्रमाणाचा नमुना आहे, तो नाइतोंच्या बाजूचा. १९९२च्या सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनासाठी वरचे दोन मजले पूर्ण आकारात बांधले, तेही आता अझुचीतच ठेवले आहेत. तेव्हा अझुचीचं किट विकत घेणारा माणूस नकळत एखाद्या अभ्यासकाचा पक्ष घेत असतो.

शोगुनांनंतर आलेल्या मेइजी राजवटीला किल्ल्यांचा उपयोग उरला नव्हता. १८७३मध्ये ते मोडीत काढायचा हुकूम निघाला. हिमेजीचा तेनशु लिलावात साडेतेवीस येनला गेला होता असं सांगतात. १८७८मध्ये नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्यानं अर्ज केला म्हणून हिमेजी आणि नागोया वाचले. नागोयाचं आयुष्य तरी तेवढंच: मे १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तो जळला. त्या वर्षात हिरोशिमा, ओकायामा, वाकायामा यांच्यासह सात तेनशु गेले. १९४९मध्ये मात्सुमाए आगीत गेला. मूळचे उरले बारा.

मग लोकांनी ते परत मागितले. १९५८मध्ये वाकायामा आणि हिरोशिमा, १९५९मध्ये नागोया, १९६०मध्ये कुमामोतो आणि ओदावारा असे किल्ले काँक्रीटमध्ये भराभर उभे राहिले. आणि नेमक्या त्याच १९५८मध्ये मारुसान कंपनीनं नॉटिलस पाणबुडीचं किट आणलं, जपानमध्ये बनलेल्या पहिल्या प्लास्टिक किटांपैकी ते एक मानतात. रस्त्यावर काँक्रीटचे किल्ले आणि टेबलावर प्लास्टिकचे, दोन्ही एका पिढीची मुलं आहेत. घडवायला सोपा नवा माल हाती आला होता आणि मनात हरवलेल्याची आठवण होती.

किटांची राजधानी मात्र टोकियो नव्हे, शिझुओका. इथेच निवृत्तीनंतर पहिला तोकुगावा शोगुन इएयासु राहिला, त्याच्या सुनपु किल्ल्याचा तेनशु १६३५मध्ये जळाला आणि पुन्हा बांधला गेला नाही. शिझुओकात सांगतात की १६१७चं कुनोझान तोशोगू आणि पुढे एकोणिसाव्या शतकातली सेनगेन मंदिराची लांबलेली बांधणी, यासाठी देशभरातून सुतार, कोरीवकाम करणारे, लाखकाम करणारे आले आणि इथेच राहिले. मंदिराचं काम संपल्यावर त्या हातांनी फर्निचर केलं, पेट्या केल्या, बाहुल्यांच्या सणासाठी चिमुकली कपाटं आणि मेणे केले. ते बाहुल्यांचं सामान आजही सुरुगा या इथल्या जुन्या प्रांताच्या नावानं ओळखलं जातं. विसाव्या शतकात याच गावात शाळकरी मुलांसाठी लाकडी ग्लायडर, लाकडी जहाजं निघाली. तामिया कंपनीची सुरुवात १९४६मध्ये लाकूड व्यवसायातून झाली. त्यांचं पहिलं प्लास्टिक किट, यामातो युद्धनौका, १९६०चं. दंतकथेचा भाग वजा केला तरी लाकडापासून प्लास्टिकपर्यंतचा हा धागा मला खरा वाटतो. शिझुओकाचीच वुडी जो ही कंपनी आजही हिनोकी लाकडात १/१५० प्रमाणाचा हिमेजी विकते. त्यात कौलाखालच्या पट्ट्या एकेक करून चिकटवाव्या लागतात. कागद कापून जोडायचे १/३०० चे किल्लेही मिळतात. त्यांच्यामागे एदोकाळच्या छापील कागदांचा वारसा आहे, जे कापून, घडी घालून नाटकातला देखावा उभा करायचा आणि उन्हाळ्याच्या रात्री त्यात दिवा लावायचा. होकुसाईनंही असे कागद केले होते.

इथवर मोठ्यातून लहान जन्मलं. उलटही घडलं आहे, आणि मला सांगायचं होतं ते हेच. ओदावाराचा तेनशु १८७०मध्ये पाडला होता. १९६०मध्ये तो उभारताना आधार होता एदोकाळच्या लाकडी नमुन्यांचा आणि आराखड्यांचा. त्याहून मोठी गोष्ट शिकोकू बेटावरच्या ओझूची. तिथला चारमजली तेनशु १८८८मध्ये पाडला. मेइजी काळातले फोटो होते, पण फोटोत बाहेरचंच दिसतं. आतला सांगाडा कळला तो एका जुन्या हिनागातामुळे, कुठला खांब किती उंच आणि कुठली तुळई कशात बसलेली हे त्यात दिसत होतं. २००४मध्ये ओझूचा तेनशु १९.१५ मीटरांचा, पुन्हा लाकडात, जुन्या पद्धतीनं उभा राहिला. एवढी उंच लाकडी इमारत आजच्या बांधकाम नियमांत बसत नव्हती, त्यासाठी खास सवलत मिळवावी लागली. एका सुतारानं बसवलेल्या छोट्या सांध्यांनी शंभराहून अधिक वर्षांनी मोठे सांधे शिकवले. म्हणून टेबलावर वाकून किल्ला जोडणाऱ्याला कुणी पोरखेळ म्हटलं की मला वाईट वाटतं.

जपानला गेलात तर टोकियोच्या शाही राजवाड्याच्या पूर्व बागेत जरूर जा. प्रवेश मोफत आहे. सोमवारी आणि शुक्रवारी बाग बंद असते. तिथे एदो किल्ल्याच्या तेनशुचा भव्य दगडी चौथरा आहे. त्याच्या आधीचा, १६३८चा तेनशु १६५७च्या आगीत गेला. चौथरा नव्यानं बांधला गेला, पण आधी जळालेलं शहर उभं करू या असा सल्ला शोगुनांचे सल्लागार होशिना मासायुकी यांनी दिला आणि वर काही चढलं नाही. आधी त्या रिकाम्या दगडांवर चढून या. मग जवळच्या विश्रांतीगृहात जा. तिथे २०२०पासून त्याच तेनशुचा १/३० नमुना ठेवला आहे. खाली वाकून त्याच्या वळचणीखाली बघा.