यीस्टचा श्वास, पेनाच्या टोकावर

दार लावा, पटकन! बोळातला उजेड आत शिरला तर सगळं मुसळ केरात. तुम्ही फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉन्सन फाउंडेशनमध्ये आहात आणि काळ आहे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा.

अंधाराला डोळे सरावेपर्यंत नाकावर विसंबा. यीस्टचा आंबूस दर्प येतोय, त्यात तापलेल्या व्हॉल्व्हवर करपणाऱ्या धुळीचा वास मिसळलाय. उजव्या गालाला झळ लागतेय ती पाऱ्याच्या दिव्याची. सरकून उभे राहा, पण बेताने. पायाखाली तारांचं जंजाळ आहे, मागे विद्यार्थ्यांची दाटी आहे आणि कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत रुततंय. इथले प्रमुख ब्रिटन चान्स. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस लागेल ते यंत्र स्वतः बांधतो.

समोरच्या काचपात्रात गढूळ यीस्ट आहे, नुकतंच ग्लुकोज चाखलेलं. त्यावर ३६६ नॅनोमीटरचे अतिनील किरण पडताहेत. पेशीतला एनएडीएच हा रेणू अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन वाहून नेतो. इलेक्ट्रॉन अंगावर असेपर्यंत तो निळसर चमकतो, ते सोडले की विझतो. ना रंग घातला, ना पेशी चिरडली! ही चमक तुमच्या डोळ्यांना दिसायची नाही. ती टिपते फोटोमल्टिप्लायर नळी, आणि तेवढ्यासाठी हा अंधार.

आता कान द्या. नळीने टिपलेली चमक कागदावर रेघ होऊन उतरतेय: पट्टी सरकतेय, पेन खरखरतंय. यीस्टने पात्रातला ऑक्सिजन संपवला! इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी उरलं नाही, एनएडीएच साचला आणि पेन सर्रकन वर गेलं. थांबा, हलू नका. पेन खाली येतंय... पुन्हा वर! झोपाळ्यासारखे हेलकावे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. साखर फोडणारी विकरं आळीपाळीने वेग घेताहेत, मंदावताहेत, आणि पात्रातल्या असंख्य पेशी एकाच ठेक्यात आहेत. चान्स आणि त्यांचे सहकारी एस्टाब्रुक व घोष १९६४ मध्ये हे छापतील.

पेशी जिवंत आहे, कामात आहे आणि आपला हिशेब स्वतःच्याच उजेडात मांडतेय. रेघ सपाट झाली तशी मागून हाक येते, “पुन्हा लावा!” बाह्या सारा, नवं यीस्ट तुमच्याच हातात दिलंय.